काकूंनी काढलेला धबधबा

गजभिये काकूंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या गुडघ्यावरच्या पट्टीमुळे. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, शहरभर रस्ते खणून ठेवले होते, आणि अकोल्याहून नव्या नोकरीवर रुजू व्हायला आलेली मी दुसऱ्याच दिवशी गुढ़ियारीतल्या एका खड्ड्यात पडले. दवाखान्यातली चिकटपट्टी चार दिवसांत कातडीला अशी धरून बसली की नुसतं बोट लावलं तरी मी किंचाळायचे. माझी किंचाळी ऐकून काकू जिना चढून वर आल्या, कोमट पाण्याचा बोळा पट्टीवर ठेवला आणि एकदम विचारलं, "तुमच्या अकोल्याले लग्नात जेवायले काय राह्यते?"

मी वांग्याच्या भाजीपासून सुरुवात केली. जिलेबीपर्यंत पोचले तेव्हा पट्टी काकूंच्या हातात होती. ती माझ्यासमोर नाचवत त्या म्हणाल्या, "झालं बाई. जिलेबी मात्र गरम पाहिजे."

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाली काकू, त्यांचा मुलगा मिलिंद आणि सून स्वाती. मिलिंद सिलतऱ्याच्या कारखान्यात होता आणि रोज संध्याकाळी भुवयांपर्यंत काळा होऊन घरी यायचा. काकू स्वतः रेल्वेच्या दवाखान्यात तीसेक वर्षं ड्रेसर होत्या, म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि मुख्य म्हणजे त्या काढायच्या. "लावते तर कोनीबी," त्या म्हणायच्या, "काढणाऱ्याची खरी परीक्षा राह्यते." त्यांचं शास्त्र साधं होतं: आधी भिजवायचं, मग बोलायचं, मग काढायचं. निवृत्त झाल्यावरही पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, सगळी फुटकी डोकी आणि खरचटलेली ढोपरं त्यांच्याच ओट्यावर यायची.

मी नव्या सरकारच्या एका खात्यात कारकून होते, म्हणून काकू मला 'सरकार' म्हणत. नळाला पाणी आलं नाही की खालून हाक यायची, "काय सरकार, पानी काहून नाही सोडून राहिल्या?" आणि माझ्या खात्याचा पाण्याशी काडीचाही संबंध नसताना मी जिन्यावर उभी राहून त्यांना कारणं देत असे. ती त्या ऐकून घेत, आणि "बरं, उद्या तरी सोडा" म्हणून मला माफ करत.

त्यांचा खरा अभिमान मात्र हातांचा नव्हता, नाकाचा होता. दूध नासणार हे त्यांना आदल्या संध्याकाळी कळायचं. जखमेत पू धरलाय की नाही हे पट्टी सोडायच्या आधीच सांगायच्या. एकदा मी ऑफिसातून येऊन जिन्याची पहिली पायरी चढले तर आतून आवाज आला, "सरकार, ताप आहे तुम्हाले. वर नका जाऊ, इथंच बसा." थर्मामीटर लावला तर एकशे एक. "नाकाची वेगळी पेन्शन देत नाहीत," काकू म्हणाल्या, "नाहीतर दोन घेतल्या असत्या मी." हे नाक पुढे आमच्या सगळ्यांच्या मुळावर येणार होतं, पण तेव्हा मी पांघरुणात शिरून निमूट काढा पीत होते.

त्या दिवसांत शहरात कुणाचे पाय म्हणून जमिनीवर नव्हते. पानवाल्याने भाव वाढवला तर म्हणायचा, "अब राजधानी है, दीदी." रिक्षावाला उलटा रस्ता धरून शंकर नगरला नेताना म्हणायचा, "अब राजधानी है." हीच हवा मिलिंदला लागली. एका रविवारी तो लांबलचक पुठ्ठ्याच्या नळकांड्या खांद्यावर टाकून आला आणि बैठकीच्या खोलीत उलगडून बसला. वॉलपेपर. नुसती वेलबुट्टी नव्हे, अख्ख्या भिंतीभर एकच चित्र: डोंगरावरून कोसळणारा धबधबा, लालपिवळी झाडं, खाली तळं आणि तळ्यात दोन हंस.

"आई, अब राजधानी में रहते हैं," मिलिंद म्हणाला. तो समजायचा मराठी, उत्तरं द्यायचा हिंदीत. "चुने की दीवार अच्छी नहीं लगती."

काकूंनी हंसांकडे पाहिलं, मग कागदासोबत आलेलं डिंकाच्या भुकटीचं पाकीट उचललं, हुंगलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "हे? ह्याच्यानं तं पाकिटाचं तोंडबी चिकटणार नाही."

काकूंचे वडील भंडाऱ्याकडचे जुने गवंडी. त्यांच्या काळी चुन्यात उडदाची डाळ आणि बेलफळाचा गर घालत, आणि त्या भिंतींना खिळा ठोकला तर खिळा वाकायचा, असं काकू सांगायच्या. म्हणून त्यांनी मोठ्या पातेल्यात मैदा शिजवला, त्यात वाटलेली उडदाची डाळ घातली, बेलाचा गर घातला, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं आणि दुपारभर घोटत बसल्या. उडदाचा वास गल्लीभर गेला. पलीकडच्या साहूबाई ताटली घेऊनच आल्या. "का दीदी, बरा बनावत हव का?" बरा म्हणजे त्यांच्याकडचे उडदाचे वडे. काकूंनी त्यांना पातेल्यातला चिकट, हिरवट गोळा दाखवला. साहूबाई ताटली पदराआड धरून परत गेल्या.

कागद लागला तो असा लागला की भिंतीचीच कातडी वाटावी. काकू बोटाचं नख फिरवून म्हणायच्या, "कोनी मायचा लाल काढून दाखवा." पुढचा महिनाभर त्या खोलीत जत्रा होती. पाऱ्यातली माणसं ठेवणीतले कपडे घालून धबधब्यापुढे फोटो काढायला यायची. साहूबाईंनी तर नवऱ्याला बुश शर्ट घालून दोन हंसांच्या मधोमध उभं केलं. एक नवं जोडपं असं बसलं की जणू सहलीलाच गेलंय, आणि सहलीला जाऊन भांडायलाही लागलं.

मग पावसाळा आला. घर दोनच खोल्यांचं, त्यामुळे समोरच्या खोलीत दिवसा बैठक आणि रात्री मिलिंद-स्वातीचं अंथरूण. स्वाती भिलाईची, पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली शांत पोरगी, आणि तेव्हा तिला सातवा महिना होता. एका सकाळी चहा पिता पिता ती सहज म्हणाली, "आई, इस दीवार से बास आती है."

काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. "माह्या घराले वास येते?"

"घराले नाही, आई. दीवार से."

"तीस वर्षं मी पू हुंगला, पोरी. वास असता तं मले आला असता. दिवस गेले का बाईचं नाक असंच नाचते, वास नसते तिथं वास येते." इथवर ठीक होतं. पण काकूंची जीभ एकदा सुटली की थांबायची नाही. "आणि भिलाईच्या क्वार्टरमध्ये काय अत्तर शिंपडतात का रोज?"

स्वाती त्याच आठवड्यात बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. काकू बघायला गेल्या, बाळाचं डोकं हुंगून आल्या, आणि आठवडाभर आम्हाला त्या वासाचं वर्णन ऐकवत होत्या. पण महिना झाला, दोन महिने झाले, स्वातीची परत यायची भाषा नव्हती. मिलिंद फोनवर विचारायचा तर ती म्हणायची, "देखते हैं." डॉक्टरांनी बाळाला ओलीपासून जपायला सांगितलंय, एवढंच एकदा तिच्या आईकडून कळलं. काकूंनी अडगळीतला पाळणा काढून घासूनपुसून ठेवला होता. नात ह्या घरात येणार का नाही, हा एकच प्रश्न आता घरात उरला होता आणि तो कुणी तोंडाने विचारत नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी खाली भाडं द्यायला गेले तर काकू धबधब्यापुढे उभ्या होत्या. अंगठ्याने कागद दाबत होत्या. सुजलेल्या पायावर दाबतात तसा दाबायचा, सोडायचा आणि खड्डा भरतो का बघायचं. धबधब्याच्या पायथ्याशी कागद फुगला होता. अंगठा दाबला की आतलं काहीतरी सरकत होतं.

"सरकार," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पानी आहे आत."

आणि दुसऱ्या मिनिटाला पदर खोचून त्यांनी युद्ध पुकारलं.

कागद काढायचं ठरलं, तेव्हा आम्हाला वाटलं दुपारपर्यंत उरकेल. शास्त्र तर ठरलेलं होतं. आधी भिजवलं: दोन जुन्या चादरी कोमट पाण्यात बुडवून भिंतीवर थापल्या. मग काकू बोलायला लागल्या. खरंच, भिंतीशी. "काय गं बाई, किती वर्षांची तू? तुह्या विटा कुठल्या, भाटापाऱ्याच्या का?" मी हसले तर माझ्यावर डोळे वटारले, "हसू नका, सरकार, धीर देऊन राहिली मी तिले." मग काढायला गेलो. हंसाची फक्त चोच निघाली.

दुसऱ्या दिवशी मिलिंदने रंगारी वापरतात ती पत्र्याची पट्टी आणली. त्याने रागारागाने खरवडलं तर भल्यामोठ्या पोपड्यासकट मागचा गिलावा खाली आला, आणि कागद जसाच्या तसा गिलाव्याला चिकटलेला! भिंत निघाली, कागद निघेना. मिलिंद हातात डोंगराचा एक तुकडा, गिलाव्यासकट, घेऊन बसला. "आई, तूने इसमें डाला क्या था?"

"उडीद," काकू खाली मान घालून म्हणाल्या. "आणि बेल."

"किल्ला बना रही थी क्या?"

तिसऱ्या दिवशी काकूंनी निदान बदललं. भिंतीला सर्दी झालीय, तिला वाफारा द्यायचा. कुकरची शिट्टी काढून मिलिंदने तो शेगडीसकट भिंतीजवळ धरला. वाफेने भिंत सोडून सगळ्या गोष्टी सुटल्या: माझ्या कपड्यांची घडी, कॅलेंडरची खिळ्यावरची दोरी, आणि काकूंच्या चष्म्यावर धुकं येऊन त्यांनी हंस समजून मिलिंदची बाही ओढली. साहूबाई उलथणं घेऊन मदतीला आल्या. मग त्यांच्या जावा आल्या. कुणी सुरी, कुणी खुरपं, कुणी नुसतीच नखं. संध्याकाळी हिशेब असा, की एक अख्खं झाड, अर्धा हंस आणि ढग. धबधबा मात्र धो धो चालूच.

गल्लीत तेवढ्यात बातमी पसरली की गजभियेंच्या भिंतीत काहीतरी गाडलेलं सापडतंय, म्हणून सगळे खणताहेत. दोन अनोळखी माणसं दारात येऊन "कितना निकला?" विचारून गेली. काकूंनी शांतपणे सांगितलं, "अभी तो आधा बदक निकला है, भैया."

इतकं हसू आलं होतं त्या चार दिवसांत की पोट दुखायचं. पण मी बघत होते, प्रत्येक संध्याकाळी काकू फोनपाशी जायच्या. नंबर फिरवायच्या, स्वातीशी बोलायच्या: बाळ किती दूध पिते, शी कशी होते, भिलाईले थंडी पडली का. कागदाबद्दल अवाक्षर नाही. मी एकदा म्हटलं, "काकू, सांगा ना तिला, काढून राहिलो म्हणून." तर म्हणाल्या, "काय सांगू? का तुह्यं नाक खरं होतं आणि माह्यं खोटं?" आणि त्यांनी पाठ फिरवली. माणसाची कुठली जागा हुळहुळी आहे ते पट्टी काढणाऱ्या बाईला बरोबर कळायचं, पण स्वतःच्या जागेला त्या हात लावू देत नव्हत्या. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

पाचव्या दिवशी त्या स्वयंपाकघरात इडलीचं पीठ हलवता हलवता एकदम थांबल्या. "मी बी काय बावळट आहे!" त्या ओरडल्या. "डाळच आहे न ती? डाळ आंबली का आपोआप सुटते!"

मग साहूबाईंच्या गोठ्यातून घागरभर आंबट ताक आलं. काकूंनी केरसुणीने ते सगळ्या भिंतीला फासलं, वर ओल्या चादरी लावल्या, खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या आणि दोन दिवस कुणालाही आत पाऊल टाकू दिलं नाही. ऑक्टोबरची उष्णता, बंद खोली, ताक आणि उडीद. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर बारीक बुडबुडे धरले आणि असा वास सुटला की सगळी गल्ली नाकाला पदर लावून फिरायला लागली. साहूबाई दारातूनच म्हणाल्या, "दीदी, अब तो बरा घलो नइ खावंव." म्हणजे आता जन्मात त्या वडेही खाणार नव्हत्या.

काकूंनी चादर काढली, कागदाचा वरचा कोपरा दोन बोटांत धरला आणि भिंतीशी बोलत बोलत, अगदी सावकाश, खाली ओढला. आला. एखाद्या साडीची घडी उलगडावी तसा धबधबा वरपासून खालपर्यंत सरसरत आला आणि आमच्या डोक्यांवर पडला. आम्ही सगळ्या बायका त्याच्याखाली सापडलो. कुणी किंचाळतंय, कुणी खिदळतंय, मिलिंद कागद उचलून आम्हाला बाहेर काढतोय. साहूबाईंच्या केसांत तळं अडकलं होतं.

बाहेर येऊन पाहते तर काकू हसत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. धबधब्यामागची अख्खी भिंत काळी होती. हाताएवढे, थाळीएवढे बुरशीचे डाग, जमिनीपासून छातीपर्यंत, बरोब्बर जिथे स्वातीची उशी असायची तिथे. काकू जवळ गेल्या, नाक भिंतीला लावलं आणि लांब श्वास घेतला. मग दुसऱ्यांदा घेतला.

"येते वास," त्या म्हणाल्या. "ताकाचा नाही. ह्याचा. केव्हाचा आहे हा." त्या स्टुलावर बसल्या. "पोट्टी सात महिन्यांची पोटुशी, रोज ह्याच्यापाशी झोपत होती, सांगत होती. आणि मी तिच्या मायच्या घरावर गेली."

मिलिंद पुढे होऊन म्हणाला, "आई, मैं फोन कर देता हूँ उसे."

"नाही," काकू उठल्या. "फोनवर मले जमत नाही. चार दिवस पाह्यलं मी."

दवाखान्यात एक पद्धत असते. पोटातून खडा काढला, की डॉक्टर तो बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवतात: बघा, हे होतं आत, हे काढलं. काकूंनी तीसेक वर्षं अशा बाटल्या हातात धरून व्हरांड्यात नेल्या होत्या. त्यांनी एक काचेची बरणी घेतली, बुरशी धरलेला कागदाचा सगळ्यात काळा तुकडा कात्रीने कापून तिच्यात घातला आणि झाकण घट्ट बसवलं. भिंत आठवडाभर उन्हावाऱ्याला उघडी ठेवली. बाहेरची फुटकी पन्हळ मिलिंदने बदलली, मग चुना मारला. चुना वाळल्यावर पुढच्या रविवारी, बुद्धवंदना आटोपून, काकूंनी ठेवणीतली चांगली साडी नेसली आणि मला म्हणाल्या, "चला सरकार, साक्षीदार पाहिजे."

भिलाईवरून जाणाऱ्या दुर्गच्या लोकलमध्ये ती बरणी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. समोरच्या बाईने विचारलं, "अचार है क्या?" काकू म्हणाल्या, "हव, बहू के लिए." त्या बाईने आत डोकावून पाहिलं आणि पुढच्या स्टेशनवर जागा बदलली.

पुढच्याच महिन्यात माझी जगदलपूरला बदली झाली. काकूंना त्यानंतर एकदोनदा भेटले असेन, पण ते सगळं पुसट झालंय. मला त्या शेवटच्या दिसतात त्या भिलाईच्या त्या क्वार्टरमध्ये.

स्वाती बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. काकू बसल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. सरळ बरणी पुढे केली. बाळाला सावरत स्वातीने एका हाताने ती उजेडाकडे धरली.

"ये क्या है, आई?"

"धबधबा आहे," काकू म्हणाल्या. "काढला मी. पूर्ण काढला. वास होता, पोरी. तुले आला, मले नाही आला. तू खरं सांगत होती आणि मी तुले वाट्टेल ते बोलली. तुह्या मायच्या घराले बोलली. चुकलं माह्यं."

स्वातीची आई दारात थिजून उभी. स्वातीने बरणी हलवली, आतला काळा तुकडा उलटा झाला आणि मागच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र हंसाचा एक डोळा दिसला. तिने ओठ दाबले. खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून मी पुढे झाले तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"हे तुम्ही लोकलमध्ये घेऊन आल्या?"

"हो न. मांडीवर."

"बाप रे, आई!" तिने बरणी माझ्या हातात कोंबली. "फेका हे आधी बाहेर, दीदी." मग काकूंकडे वळली. "आणि तुम्ही हात धुऊन या. अच्छे से. मग घ्या हिले, आणि विचारा, रायपूरले कधी चालते म्हणून."

काकू नळापाशी गेल्या. साबण घेतला, कोपरापर्यंत चोळला, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, पुन्हा कोपर. ऑपरेशनच्या आधी धुतात तसे, पुरती पाच मिनिटं. नळ कोपराने बंद केला. टॉवेलला हात लावला नाही. दोन्ही हात वर धरून त्या खोलीत आल्या. कोपरांवरून पाणी गळत होतं, पदर खांद्यावरून घसरून जमिनीवर लोळत होता, आणि तो सावरायलासुद्धा त्यांनी बोट लावलं नाही. तशाच सुनेपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि नव्याने कामाला लागलेल्या नर्सने मोठ्या डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"आता चालते?"